चाक उचलायच्या आधी उजवा पाय

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

हेडफोन लावून गाडी चालवत असाल तर आधी बाजूला घ्या, स्टँडवर लावा आणि मग ऐका. कारण आजचा विषय असा आहे की ऐकता ऐकता उजवा हात आपोआप पिळला जातो.

विषय आहे व्हीली. त्यातही उभ्याने मारायची व्हीली. फुटरेस्टवर उभं राहायचं, पुढचं चाक हवेत आणि गाडी मागच्या एका चाकावर. या विषयावर तुमचे खूप मेसेज आलेत आणि सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो. "दादा, क्लच किती सोडायचा?" "दादा, कितव्या गिअरला उचलते?" "दादा, रेस किती ठेवायची?" सगळे प्रश्न चाक वर नेण्याचे. चाक खाली कसं आणायचं, हे मला अजून एकाने विचारलेलं नाही. म्हणून आजचा अख्खा भाग त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. क्लचचंही सांगणार आहे, पण माझ्या क्रमाने.

आधी थोडं डोकं लावू. घाबरू नका, दहावीचं विज्ञान पुरतं.

गाडी आणि तुम्ही, दोघांचं मिळून वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं, तो गुरुत्वमध्य. समजा, तो मागचं चाक जमिनीला जिथे टेकतं त्या जागेपासून ७० सेंटिमीटर पुढे आहे आणि जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे. आता नुसत्या रेसच्या जोरावर पुढचं चाक उचलायचं असेल तर गाडीला किती पिकअप लागेल? हिशोब केला तर गुरुत्वाकर्षणाइतका. म्हणजे ० ते १०० चा वेग तीन सेकंदांच्या आत. आपल्या १५०-१८० सीसीच्या गाड्या हे करूच शकत नाहीत.

मग उचलते कशी? तीन गोष्टींमुळे. एक, तुम्ही उभे राहता तेव्हा गुरुत्वमध्य वर जातो, आणि कंबर मागे नेली की थोडा मागेही जातो. समजा उंची झाली ८० आणि पुढचं अंतर झालं ६५, तर लागणारा पिकअप एकदम ०.८ वर आला. दोन, क्लच. इंजिन आधीच जोरात फिरत असतं, त्या फिरण्यात ताकद साठलेली असते, आणि क्लच सोडला की ती एका झटक्यात मागच्या चाकाला मिळते. तीन, पुढचे शॉकअप. ते दाबून सोडले की वर ढकलतात. तुम्ही गुडघे वाकवून खाली गेलात आणि त्यांच्याबरोबर वर आलात की तोही धक्का मिळतो.

म्हणजे बघा, बसून उचलण्यापेक्षा उभ्याने उचलणं सोपं आहे. आणि खरा घात तिथेच आहे. जी गाडी उचलायला सोपी, ती उलटायलाही सोपी.

चाक वर जाता जाता एक जागा अशी येते, जिथे गुरुत्वमध्य बरोबर मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेवर येतो. याला बॅलन्स पॉइंट म्हणतात. आपल्या ७०-७० च्या हिशोबात तो साधारण ६० अंशांवर येतो. त्याच्या अलीकडे असाल तर रेस सोडली की चाक आपणहून खाली येतं. त्या जागेवर असाल तर गाडी जवळजवळ तरंगते, पिकअप लागतच नाही. आणि त्याच्या पलीकडे गेलात, तर वजन आता तुम्हाला मागे ओढतंय.

पलीकडे गेल्यावर काय होतं, ते नीट ऐका. तुमचं शरीर मागे पडायला लागतं. पडणारा माणूस काय करतो? हातात जे असेल ते घट्ट धरतो. तुमच्या हातात काय आहे? हँडल. शरीर मागे जातंय, हात लांब खेचला जातोय, मनगट खाली वाकतंय. म्हणजे रेस आणखी उघडली! वाचण्यासाठी तुम्ही जे करताय त्यानेच गाडी जास्त उलटते. "रेस सोडून द्यायची की" असं म्हणणं सोपं आहे. त्या क्षणी हात तुमचं ऐकत नाही.

ऐकतो फक्त एक अवयव. उजवा पाय. कारण त्याच्यावर लटकायचं काम नाहीये. मागचा ब्रेक दाबला की मागचं चाक अडतं, गाडी पुढच्या बाजूला झुकते आणि चाक खाली येतं. बॅलन्स पॉइंटच्या पलीकडूनसुद्धा खाली आणू शकेल असा भरवशाचा उपाय हाच. अट एकच. पाय आधीपासून पेडलवर हवा. शोधायला वेळ नसतो.

आता गोष्ट सांगतो. माझा मावसभाऊ. वय १९, लायसन्स आहे, कोल्हापुरात डिप्लोमाला आहे. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "दादा, लई काय शिकवू नको. फक्त उचलायचं सांग. उरलेलं मी रील बघून करतो." मी विचारलं, कुठे करणार? म्हणाला, "रात्री अकरानंतर रिंगरोड मोकळा असतो की."

मी दोन दिवस विचार केला. नाही म्हणावं तर तो रिंगरोडवर जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. हो म्हणावं तर उद्या काही झालं की मावशीला तोंड कोण दाखवणार? शेवटी मी हो म्हटलं, पण अटी घालून. पहिली अट जागेची. दुसरी, सहा रविवार व्हायच्या आत मोबाईलचा कॅमेरा बाहेर काढायचा नाही. तिसरी, मावशीला सांगायचं. तिसऱ्या अटीला त्याचा चेहरा पडला. पण सांगितलं त्याने.

मावशीचा लगेच फोन. "काय रे, तूच शिकवणार का हे सगळं?" मी म्हटलं, "मावशी, मी नाही शिकवलं तर मोबाईल शिकवेल." ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "बरं. पण मी एकदा येऊन बघणार."

जागेचं का, ते सांगतो. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत बाबांच्या ओळखीच्या एका काकांचं बंद शेड आहे. समोर काँक्रीटचं मोठं आवार, भोवती भिंत, गेटला कुलूप. काकांची परवानगी घेतली. आता तुम्ही म्हणाल, रिकामा रस्ता आणि रिकामं आवार, फरक काय? फरक असा की चाक हवेत असताना तुम्हाला नीट वळता येत नाही. पुढचा ब्रेक, जो गाडी थांबवण्याचं सगळ्यात जास्त काम करतो, तो असून नसल्यासारखा. समोरचा रस्ता अर्धा हँडल आणि हेडलाइटमागे झाकलेला. अशात एखादं पोरगं किंवा कुत्रं आडवं आलं तर तुमच्याकडे उत्तरच नाही. तुम्ही कितीही चांगले रायडर असा, नाही म्हणजे नाही. कुलूप लावलेलं गेट हे त्याचं उत्तर आहे.

कायद्याचंही पटकन सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग. पहिल्याच वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ऐकणाऱ्यांत कोणी १८ च्या खाली असेल तर कलम १९९अ वाचा. गाडी अल्पवयीन मुलाने चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, शिवाय त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. आणि निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद. हे घाबरवायला सांगत नाहीये. रात्री अकराच्या रिंगरोडवर पणाला काय लागलेलं असतं, ते माहीत असू द्या.

हां, तर पहिला रविवार. गाडी माझी जुनी १८० सीसी, एबीएस नसलेली, मागे डिस्क ब्रेक. पोरगं फुल फेस हेल्मेट, जॅकेट, पाठीचा गार्ड, गुडघे-कोपरांचे गार्ड, ग्लोव्हज आणि घोटा झाकणारे बूट घालून तयार. आणि त्या दिवशी आम्ही चाक एकदाही उचललं नाही.

काय केलं? आधी पाना घेऊन मागच्या ब्रेकचं पेडल बदललं. बसून चालवताना जे पेडल बरोबर वाटतं, ते उभं राहिल्यावर फार खाली वाटतं, कारण घोट्याचा कोन बदलतो. उभ्याने पाय सहज टेकेल इतकं ते वर घेतलं. ब्रेक चिकटून राहत नाही ना, म्हणजे मागचं चाक हाताने मोकळं फिरतंय ना, ते तपासलं. मग उजवा पाय फुटरेस्टवर कसा ठेवायचा ते. चवड्यावर उभं राहायचं नाही. वजन तळव्याच्या मधल्या भागावर आणि जास्त भार डाव्या पायावर, म्हणजे उजवी बोटं मोकळी. डावा पाय काही जण मागच्या माणसाच्या फुटरेस्टवर ठेवतात, त्याने वजन मागे जातं. नवीन असाल तर दोन्ही पाय पुढेच ठेवा.

मग दोन तास पहिल्या गिअरला, चालण्याच्या वेगाने, उभ्याने गाडी चालवणं. विटा मांडून त्यांच्यामधून. गुडघे थोडे वाकलेले, हात सैल, नजर लांब भिंतीवर. आणि मी टाळी वाजवली की उजव्या पायाने टक्. जोरात नाही, नुसती टिचकी. टाळी, टिचकी. टाळी, टिचकी. तो वैतागला. "दादा, हे काय पीटीच्या तासासारखं!" म्हटलं, हो, तसंच आहे.

दुसरा रविवार. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. मी आणि त्याचा एक मित्र, दोघांनी पुढचं चाक उचलून धरलं, तिसऱ्याने मागून आधार दिला, आणि हा वर उभा. हळूहळू उचलत नेलं. ज्या उंचीवर त्याला वाटलं "बास, उलटलो", तिथून बॅलन्स पॉइंट अजून बराच वर होता. हे प्रत्येकाचं होतं. शरीराला खरी जागा माहीत नसते, म्हणून सुरुवातीला लोक फार लवकर घाबरतात, आणि नंतर भीड चेपली की फार उशिरा. ती जागा इंजिन बंद असताना एकदा अंगाला कळली की पुढे फार उपयोग होतो.

तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा क्लच. ज्यांनी फक्त यासाठी इथपर्यंत ऐकलं, त्यांच्यासाठी सांगतो. पहिला गिअर, वेग साधारण १५. उभे, गुडघे वाकलेले, क्लचवर एक किंवा दोन बोटं. क्लच थोडा दाबायचा, रेस थोडी वाढवायची, गुडघ्यांनी खाली दाब द्यायचा, आणि शॉकअप वर यायला लागले की क्लच पटकन पण हिशोबात सोडायचा. त्याच वेळी पाय सरळ, कंबर मागे. हँडल ओढायचं नाही. हात दोरीसारखे, नुसते ताणलेले. चाक वीतभर उचललं की लगेच पायाने टिचकी. खाली.

इथे नियम एकच आणि त्याला सूट नाही. प्रत्येक उचल ब्रेकनेच संपवायची. चाक आपणहून खाली येत असलं तरी. गरज नसली तरी. वीतभर असो की हातभर. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज पडेल, त्या दिवशी पाय विचारायला येणार नाही, करून मोकळा होईल. आणि खाली येताना रेस पूर्ण बंद करायची नाही, किंचित ठेवायची, हँडल सरळ. नाहीतर चाक धाडकन आपटतं आणि पुढच्या शॉकअपचं ऑइल सील आणि कोनसेट दोन्ही बोंबलतात. क्लचप्लेट तर जाणारच. खर्च तुमचा, मेकॅनिकला आनंद. इंजिन ऑइलची पातळीही नेहमी बघा. गाडी फार उभी राहिली की ऑइल मागे जातं आणि पंपाला हवा लागू शकते.

चौथ्या रविवारी मावशी आली. घरून डब्यात थालीपीठ घेऊन आलेली, पण चेहरा परीक्षकाचा. शेडच्या पायरीवर बसली. मी तिला सांगितलं, "मावशी, चाकाकडे बघूच नकोस. त्याच्या उजव्या पायाकडे बघ. पाय पेडलवरून हलला की मला ओरडून सांग." तिला काम मिळालं. अर्धा तास ती हाताची घडी घालून फक्त तो बूट बघत होती.

आणि त्याच दिवशी झालं. क्लच जरा जास्त सुटला. गाडी एकदम वर गेली, आतापर्यंत गेली नव्हती इतकी. मला टाकीचा खालचा भाग दिसला. त्याचे हात खेचले गेले, इंजिन ओरडलं, म्हणजे रेस उघडली होती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात चाक खाली आलं होतं. आपटलं, गाडी थोडी डगमगली, थांबली. तो उतरला, स्टँड लावला आणि खाली बसला. हात थरथरत होते. दोन मिनिटांनी म्हणाला, "दादा, मी ब्रेक मारला का? मला आठवतच नाही."

उत्तर मावशीने दिलं. "मारलास. मी बघत होते."

त्या दिवशी पुढे काही केलं नाही. थालीपीठ खाल्लं आणि घरी आलो.

एबीएसबद्दल दोन शब्द, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाड्या नवीन आहेत. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस सक्तीचं झालं. रस्त्यावर ते तुमचा जीव वाचवतं, काढून टाकायचा विचारही नको. पण ड्युअल चॅनल एबीएस दोन्ही चाकांचा वेग मोजत असतं, आणि पुढचं चाक हवेत असेल तर तो हिशोब बिघडू शकतो. सीबीएसमध्ये मागचं पेडल दाबलं की पुढचाही ब्रेक थोडा लागतो, म्हणजे चाक हवेतच अडतं आणि टेकताना झटका बसतो. सरावासाठी अशी साधनं नसलेली वेगळी जुनी गाडी असेल तरच करा. रोजची गाडी रोजच्या कामाला ठेवा.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं ब्रेकचं, मग मजा कधी? मजा तिथेच आहे. अमेरिकेत डग डोमोकॉस नावाचा रायडर होता, त्याला व्हीली किंग म्हणायचे. १९८४ मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर तो एका चाकावर १४५ मैल गेला. म्हणजे २३३ किलोमीटर, कोल्हापूर ते पुणे म्हणा ना. थांबला तो पेट्रोल संपलं म्हणून. जपानच्या यासुयुकी कुदोने ५ मे १९९१ ला होंडाच्या २२० च्या ट्रायल्स गाडीवर ३३१ किलोमीटर केले. कोल्हापूरहून निघून, पुणं ओलांडून, घाट उतरून जवळपास पनवेल! इतका वेळ चाक हवेत ठेवायचं तर ताकदीवर भागत नाही. गाडी जरा मागे गेली की पायाचा हलका दाब, जरा पुढे आली की रेसचा केसभर वळसा. ब्रेक हा नुसता वाचायचा उपाय नाही, तो व्हीली लांबवायचा उपाय आहे. ज्याला खाली आणता येतं, तोच वर टिकतो.

मावसभाऊ आता साधारण आवाराच्या अर्ध्या लांबीपर्यंत नेतो. सहा रविवार कधीच संपले, व्हिडिओही काढला. कॉलेजच्या मित्रांनी बघितला आणि म्हणाले, "रिंगरोडवर दाखव की रं." हा म्हणाला, "रविवारी सकाळी सातला गेटवर या. हेल्मेट आणि बूट घालून." चार जणांना सांगितलं होतं. दोघे आले. त्यातला एक टाळी-टिचकीला कंटाळून अर्ध्या तासात गेला. दुसरा अजून येतो. बाकीचे काय करतात, कुठे करतात, त्याची चिंता मला आहे. म्हणूनच हा भाग केला.

तर मंडळी, या रविवारी तुम्ही एवढंच करा. पेडलची उंची बघा. बंद जागेत, परवानगी घेऊन, पूर्ण गिअर घालून, अर्धा तास उभ्याने हळू गाडी चालवा. सोबत एक जण हवाच, टाळी वाजवायला. दोन्ही चाकं जमिनीवर. कंटाळा न येता शंभर टिचक्या झाल्या, तर पुढचं मला विचारा. तेव्हा क्लचच्या प्रश्नाला मी मनापासून उत्तर देईन.

आज इथेच थांबतो. काही अनुभव असतील तर पाठवा, पुढच्या भागात वाचू. हेल्मेट घाला, आणि पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका. भेटू!